नमुन्याचे पाईप

हसा, पोटभर हसा. फक्त कपबशी खाली ठेवून हसा, चहा सांडेल.

रोजचंच आहे हे! मी फटफटी टपरीसमोर लावली की तुमच्यातला कुणीतरी पुढच्या चाकापाशी वाकणार आणि विचारणार, "भाऊसाहेब, टाकी आरशासारखी, रिमा चकचकीत, सीटला नवं कव्हर. मग हे पुढचे दोन पाईपच तेवढे गंजके कामून?" मी म्हणणार, "करू कधीतरी." हे 'कधीतरी' कधीपासून चाललंय माहीत आहे? लातूर जिल्हा नवा होता तेव्हापासून. आता मी रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली.

तर आज सांगूनच टाकतो. पण आधीच बजावतो, या किश्श्यात मूर्ख एकच आहे, आणि तो तुम्हाला चहा पाजतोय.

तेव्हा उस्मानाबादेतून फुटून आपला जिल्हा वेगळा झाला होता. कचेरीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. मी आवक-जावकला कारकून. टपाल आलं की शिक्का, टपाल गेलं की शिक्का, एवढंच माझं राज्य. पण गावाकडं? गावाकडं मी 'जिल्ह्याचा माणूस'! शनिवारी संध्याकाळी गावात शिरलो की लोक चावडीवर उठून उभे राहायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

गाव आमचं अगदी शिवेवर. जिल्हा लातूर, पण बाजार मुखेडचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. बायको-लेकरं माझ्यासोबत लातूरला, गावातलं घर कुलपात. मी आपला आठवड्याला जाऊन झाडलोट करून यायचो.

आणि जायचो या फटफटीवर. एका ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. दिसायला रुबाबदार, पण पुढचे शॉकअप पार गेलेले. खड्ड्यात चाक गेलं की दात वाजायचे, आणि थांबलो की पुढून ऑईलचे थेंब टपटप. मुखेडला रशीद मिस्त्री होते, त्यांना दाखवली. त्यांनी पाइपावरून नुसतं नख फिरवलं.

"साब, ये पाईपाँ तो पूरे सड गए."

"नवीन सील टाका ना."

"सील डालता मैं. आठ दिन में फिर फटता. ये देखो, गंज के गड्ढे. पाईप ऊपर-नीचे होता, तो गड्ढा सील को काटता. निकल की पालिश मराओ इसको. नांदेड में करते, आठ दिन लगते. खोलने का क्या, मैं दिखाता, खुद खोल लो."

पण आपण शहाणे! नांदेडला कशाला जायचं? मी आधी घरच्या घरी उपाय करायचं ठरवलं. शेजारच्या सोजरकाकूकडं गेलो आणि चिंच मागितली.

सोजरकाकू म्हणजे कोण, ते सांगायला पाहिजे. माझी आई मी लहान असताना गेली. तेव्हापासून मी मॅट्रिक होईपर्यंत माझी भाकरी सोजरकाकूच्याच चुलीवर झाली. काकूंना लेकरू नाही, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. दाराशी एक गाय, हरणी. तीही काकूंनी वासरू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्या वर्षी हरणी पहिल्यांदाच गाभण होती. काकूंचं सगळं बोलणं तिच्यापाशीच चालायचं.

"चिंच कशाला रं शिवा?"

"पितळी भांडी घासायला, काकू."

का खोटं बोललो? लाज वाटली म्हणून! दुष्काळ होता हो. विहिरी आटलेल्या, गावातल्या हापश्याला दिवसाला चार-दोन घागरी पाणी, तेही गढूळ. बायका दोन कोस चालायच्या. आणि मी फटफटीचे पाईप चमकवणार! कुठल्या तोंडानं सांगणार?

तर दार लावून घेतलं, चिंच लावली, राख लावली, पॉलिश पेपरनं खसाखसा घासलं. काय झालं? गंज गेला, आणि त्यासोबत उरलंसुरलं निकलही गेलं. खालचं काळं लोखंड दिसायला लागलं. आधी पाइपाला देवीचे वण होते, आता देवीच दिसायला लागली म्हणा ना.

मग मात्र नांदेडशिवाय इलाज नव्हता. रविवारी सकाळी दोन्ही पाईप काढले, वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळले आणि यष्टी पकडायला निघालो.

आता आमच्या गल्लीची रचना बघा. माझ्या दारातून स्टँडकडं जायला रस्ता एकच, तो हापश्यावरून. आणि हापश्यावर त्या काळात दिवसभर गाव बसलेलं. घागरींची रांग लावायची आणि पाण्याची वाट बघायची. मी बगलेत ते गाठोडं घेऊन मान खाली घालून चाललो होतो. पण धोतर जुनं, एका बाजूनं पाईप बाहेर आलेला.

पिठाच्या गिरणीवाला माणिक होता तिथं. गावात वेगळ्या लाउडस्पीकरची गरज नव्हती, माणिक होता.

"अहो भाऊसाहेब! पायपं कशाचे हायत?"

सगळ्या माना वळल्या. सोजरकाकूही होत्या, हरणीसाठी बादली घेऊन बसलेल्या.

आता खरं सांगावं की नाही? 'फटफटीचे आहेत, चमकवायला चाललोय,' एवढंच वाक्य. माणसाला आयुष्यात एवढं एक वाक्य वेळेवर बोलता येऊ नये? पण पन्नास माणसं बघताहेत, पुढं रिकाम्या घागरी. माझी जीभच वळली नाही. आणि जी वळली ती भलतीकडंच.

"पाण्याचे," मी म्हणालो.

मस्करीच होती हो ती! मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही.

"एवढुश्या पायपानं पाणी येतंय?" माणिक.

"हे नमुन्याचे आहेत. साहेबांना दाखवायचे. नमुना पास झाला की मोठे येतात."

हे मी कुठून काढलं? कचेरीतून! तिथं रोज हेच बघत होतो. सतरंजी घ्यायची, नमुना. झाडू घ्यायचा, नमुना. त्यामुळं ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सरकारी निघालं की मलाच क्षणभर खरं वाटलं.

"किती दिवस लागतील?"

"आठ दिवस." निकलला आठ दिवस लागतात असं रशीदभाईंनी सांगितलं होतं, तेवढं तरी खरं बोललो.

तेवढ्यात काकू उठून जवळ आल्या. पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "शिवा, मंगळवारी माझा भाऊ यायलाय, उमरीकडून. टेंपू घेऊन. हरणीला नेतो म्हनतोय, त्याच्या मळ्यात हिरवं हाय, पाणी हाय. मृग लागंपोतर ठिवतो म्हनं. माझा जीव हुईना बग. गाभण हाय, तिकडं माझ्याबिगर खाती का न्हाई कुनाला ठाव. तू म्हनतूस तर ठिवू का हितंच?"

समोर यष्टीनं हॉर्न दिला होता. मी घाईत होतो. त्याहून खरं म्हणजे सगळ्यांसमोर आता माघार घेता येत नव्हती.

"कशाला पाठवता काकू? राहू द्या की."

हे बोललो मी. यष्टीकडं पळता पळता बोललो.

नांदेडात निकलवाल्याचं दुकान शोधलं. म्हातारा कारागीर होता, हात कोपरापर्यंत डागलेले. त्यानं पाईप डोळ्यासमोर धरले, सरळ आहेत का ते बघितलं. म्हणाला, आधी जुनं निकल उतरवतो, खड्डे भरतो, घासतो, मग चढवतो, मग पुन्हा घासतो.

"गाडी पाण्यातून जाती काय हो?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडं पाणीच नाही."

"मग एवढा गंज? पहिल्या मालकानं पाण्यातच ठिवली आसंल. आता तरी पाण्यापासून जपा."

आणि मग मी एक बघितलं. दुकानात मागं पाण्याच्या टाक्या होत्या. कुणाचं तरी हँडल त्यानं एका टाकीतून काढलं, दुसऱ्यात बुचकळलं, तिसऱ्यात बुचकळलं. मग एक टाकी उपडी केली आणि ते सगळं पाणी खळखळ नालीत गेलं. मी बघतच राहिलो. माझे दोन पाईप धुवायला जेवढं पाणी जाणार होतं, तेवढ्यात गल्लीच्या सगळ्या घागरी दोनदा भरल्या असत्या. तेव्हा पहिल्यांदा काकूंची रिकामी बादली आठवली. पण मी काय केलं? पावती खिशात घातली आणि लातूरला जाऊन सोमवारी कामावर हजर झालो.

मंगळवार आला आणि गेला. आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. वाटलं, काकू काही एवढं मनावर घेणार नाहीत, एवढी मस्करी माणसाला कळते. असं मी स्वतःला दिवसातून दहादा सांगितलं.

पुढच्या रविवारी नांदेडहून पाईप घेतले. काय काम केलं होतं म्हाताऱ्यानं! तोंड दिसत होतं त्यात. तेच धोतर, तेच गाठोडं. दुपारच्या यष्टीनं गावात उतरलो.

स्टँडवरच माणिक उभा. हातात नारळ.

"आले! भाऊसाहेब आले!"

मला काही समजेना. गल्लीत शिरलो तर माझ्या दारापासून हापश्यापर्यंत घागरी. दोन ओळी! हापश्याजवळ लोकांनी कमरेएवढा खड्डा खणून ठेवलेला, का तर जिल्ह्याची माणसं आली की त्यांचा वेळ जायला नको. खड्ड्याभोवती चुन्याची रेघ. रांगोळीसुद्धा काढली होती.

मी घामाघूम. "अरे, थांबा. ऐका तरी..."

कोण ऐकतंय! माणिकनं गाठोडं माझ्या हातातून घेतलंच. धोतर सोडलं. उन्हात ते दोन पाईप असे लखलखले की बायका "अग्गं माय!" म्हणाल्या.

"नमुना पास झालाय!" माणिक ओरडला. "बगा, सरकारी माल कसा हाय!"

सोजरकाकू आरतीचं ताट घेऊन पुढं आल्या. त्यांनी माझ्या फटफटीच्या पाइपांना हळद लावली. कुंकू लावलं. वरून अक्षता टाकल्या. मग दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटल्या. मला त्यातलं 'हरणी' एवढंच ऐकू आलं.

तेव्हा मी बोललो. मोठ्यानं बोललो, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

"हे फटफटीचे आहेत. पुढच्या चाकाचे. गंजले होते, निकल करून आणले. पाण्याचं काही नाही. मी मस्करी केली होती."

मग माणिकच हसला. आधी खुदकन, मग पोट धरून. त्याचं बघून सगळे हसायला लागले. "नमुना! जिल्ह्याचा नमुना तर हा उभा हाय!" एक जण म्हणाला आणि पुन्हा हशा. मला वाटलं होतं मारतील. नाही हो. हसले, आपापल्या घागरी उचलल्या आणि गेले. माणिकनं पाईप आणि तो नारळ माझ्या हातात दिले, म्हणाला, "फटफटीपुढं फोडा." त्या दिवसापासून गावात माझं नाव पडलं, नमुना.

इथपर्यंत किस्सा गमतीचा आहे. तुम्ही हसलात ते बरोबरच आहे. दुसरीकडं मीही इथपर्यंतच सांगत आलो आजवर. पुढचं कुणाला सांगितलं नाही.

काकू हसल्या नव्हत्या. ताट हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"काकू, हरणी..."

"हाय की. गोठ्यात हाय."

"मामा आले नव्हते?"

"आला होता. मंगळवारी. टेंपू घेऊन आला होता. म्या म्हनलं, न्हाई धाडत, आमच्या शिवानं पाणी आणायलंय. लई भांडला. रागानं तसाच गेला माघारी."

मी तिथल्या तिथं खाली बसलो. पाईप मातीत पडले. काकूंनी ते उचलले, पदरानं पुसले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

त्याच दिवशी घाईघाईनं पाईप बसवले, ऑईल भरलं आणि तडक उमरीकडं निघालो. काय सुंदर चालत होती म्हणून सांगू! एक खड्डा लागला नाही. चांगली चालत होती याचाच राग येत होता. मामांच्या पाया पडलो. ते म्हणाले, टेंपो माझा नाही, दुसऱ्याचा आहे, आता पंधरा दिवसांनी मिळेल. दुसरीकडं कुठं मिळतो का बघितलं, सगळे टेंपो चारा ओढायला लागलेले. एवढ्या लांब गाभण गाय उन्हातून चालवत न्यायची तर वाटेतच बसली असती.

मग रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती. गाईला पाणी पाजायचं आहे असं लिहिलं असतं तर साहेबांनी नमुना मागितला असता.

मुखेडच्या अलीकडं एका मळ्यात विहिरीला थोडं पाणी होतं. मालक भला माणूस, रोज दोन डबे घेऊ द्यायचा. तेलाचे पत्र्याचे डबे, त्यांना तारेच्या कड्या केल्या आणि हँडलला दोन्ही बाजूंनी एकेक अडकवला. रस्ता तो असा! डबे हिंदकळायचे आणि पाणी सांडायचं. कुठं सांडायचं? नेमकं त्या दोन पाइपांवर. निकलवाल्यानं पाण्यापासून जपा म्हणून सांगितलं होतं ते.

गावात पोचेपर्यंत दोन डब्यांचे दीड व्हायचे. काकू वाट बघत उभ्या असायच्या. एक डबा हरणीपुढं, अर्धा चुलीपाशी. हरणी पाणी प्यायची आणि मान वर करून पुन्हा बघायची. अजून पाहिजे असायचं तिला. कडब्याच्या चार पेंढ्या उरलेल्या, त्याही पाण्याशिवाय तिला गिळवत नव्हत्या. मी दिवसातून एक खेप करायचो, मळेवाल्याला दया आली तर दोन. दहाव्या दिवसापासून हरणीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. बाराव्या दिवशी ती बसली.

मामा बोलल्याप्रमाणे पंधराव्या दिवशी टेंपो घेऊन आले. आम्ही आठ जणांनी उचलून बघितलं. माणिक होता, त्या दिवशी हसलेलेच सगळे होते. तिचे पाय टेकेनात. मामा म्हणाले, आज राहू द्या, सकाळी बघू.

सकाळी बघायला काही उरलं नव्हतं. वासरूही पोटातच गेलं.

मी काकूंसमोर उभा राहिलो. वाटत होतं, शिव्या द्याव्यात, दोन मुस्काटात माराव्यात. लहानपणी मारायच्या की! त्या हरणीच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडत होत्या. गाठ सुटत नव्हती. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दुसऱ्या कुनी म्हनलं आसतं ना शिवा, तर मस्करी हाय म्हनून मला कळलं आसतं. पर तू जिल्ह्याचा मानूस. आन माझ्या हातचं खाल्लेला. तू खोटं कामून बोलशील, म्हनलं."

एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या शिवानं हरणीसाठी लई पाणी आणलं, पंधरा दिस. पोटचं पोरगं बी आणणार न्हाई." मी शेजारीच बसलेलो असायचो. उठून कपबशी विसळायला मागं जायचो.

मृग बरसला त्या वर्षी. चांगला बरसला. तोवर पाइपांवर तांबूस ठिपके आले होते. दिवाळीपर्यंत गंज चढला, सील फाटली, ऑईल पुन्हा टपटपायला लागलं. रशीदभाईंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "नया निकल था साब! किधर डुबाए गाडी?"

काय सांगणार होतो त्यांना? म्हणालो, "पाणी लागलं."

तर मंडळी, असं आहे. निकल करून घेणं अवघड नाही. तासाभराचं काम आहे पाईप काढायचं, धोतरही आहे अजून. गाडी उघडायची हत्यारं मी आजही मुद्दाम गावच्या घरातच ठेवतो, पाईप न्यायचे तर तिथूनच न्यायचे. दोनदा काढलेसुद्धा पाईप. गुंडाळले, बगलेत धरले, दारापर्यंत गेलो.

पण रस्ता एकच आहे हो, हापश्यावरून. काकू नाहीत, माणिक नाही, हापसाही गेला, आता तिथं नळ आहे. तरी कुणी म्हातारं माणूस बसलेलं असतंच. आणि त्यानं सहज विचारलं, "काय रं नमुन्या, पायपं कशाचे?", तर खरं बोलायला माझी जीभ आजही वेळेवर वळेल, याचा मला भरवसा नाही.